मोठी पुसायची

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली: 'नमुने: ०'. तिथे सहाशे चाळीस हा आकडा दिसायला हवा होता.

लेकीने प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा उघडला. शून्य. संगणक बंद करून चालू केला. शून्य. आतल्या खोलीत तिचे वडील, तात्या, रुग्णालयात न्यायची पिशवी भरत होते. पिशवीची चेन लावल्याचा आणि काहीतरी विसरलं म्हणून परत उघडल्याचा आवाज येत होता. तिने उठून मधलं दार लोटून घेतलं आणि नणंदेला फोन लावला.

तात्यांना दुपारी चार वाजता भरती व्हायचं होतं. उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया होती आणि तीत त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. रुग्णालयात वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी अडीच महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, आवाज बरा आहे तोवर यांच्याकडून वाक्यं वाचून घ्या आणि रेकॉर्ड करून ठेवा. त्यावरून संगणकाला त्यांचा आवाज शिकवता येतो. मग त्यांनी टाइप करायचं आणि यंत्राने त्यांच्या आवाजात बोलायचं. निदान तीनशे वाक्यं हवीत, सहाशे झाली तर फारच छान.

दोन महिने ते काम चाललं. झोपायच्या खोलीतल्या कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर बाहेरचा आवाज अडवायला रजया टाकल्या, मधे एक खुर्ची बसेल एवढा कोपरा केला आणि तिथे बसून तात्यांनी रोज दहा-बारा वाक्यं वाचली. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेला होता. तिथे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल फिरवायची अशी रीत. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही वाचायची. पहिल्या दिवशीची सगळी वाक्यं त्यांनी 'पूर्णविराम'सकट वाचली होती. ती टाकून परत घ्यावी लागली. शेवटचं वाक्य रविवारी झालं.

आवाज तयार करणारा प्रोग्रॅम फुकट मिळत होता, पण तो लिनक्स नावाच्या सिस्टीमवरच चालायचा. म्हणून सोमवारी नणंद येऊन संगणकावर लिनक्स बसवून गेली होती. ती एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऐंशी संगणक सांभाळायची. तिच्या हातून हे काम दीड तासात झालं. मंगळवारी नवीन सिस्टीमने आपली आपण अपडेट घेतली. आज बुधवार होता. तात्यांची निघण्याआधी एकच इच्छा होती. यंत्र आपल्या आवाजात कसं बोलतं, ते एकदा स्वतः बोलता येत असताना ऐकायचं.

नणंद फोनवर एवढंच म्हणाली की कशालाही हात लावू नकोस, मी निघते. अकराला पाच मिनिटं कमी असताना ती हेल्मेट काखेत धरून दारात उभी होती.

संगणकात दोन हार्ड डिस्क होत्या. नणंदेने काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली, तेव्हा दोन्हींची नावं वर आली. एकीवर लिनक्स चालू होतं. दुसरी दिसत होती, पण उघडत नव्हती. क्लिक केलं की चौकट यायची, ही डिस्क नीट बंद केलेली नाही, म्हणून उघडता येत नाही.

"हात्तिच्या," नणंद म्हणाली, आणि खुर्चीला टेकली.

तिने वहिनीला समजावून सांगितलं. जुनी, विकतची सिस्टीम बंद केली तरी पुरती बंद होत नसे. पुढच्या वेळी लवकर जागं व्हावं म्हणून ती अर्धवट झोपायची, आणि झोपताना डिस्कला आतून कडी लावून घ्यायची. लिनक्सला ती कडी दिसली की ते बाहेरच थांबतं. रेकॉर्डिंग आत सुखरूप असणार, दार तेवढं उघडायचं. जोर लावून उघडायची एक आज्ञा होती, पण त्यात आतलं काही सांडण्याची शक्यता होती. तात्यांच्या आवाजाच्या बाबतीत ती तसला धोका घेणार नव्हती. त्यापेक्षा जुनी सिस्टीम चालू करायची, तिला नीट झोपेतून उठवायचं आणि रीतसर बंद करायचं.

जुनी सिस्टीम उठली, आणि उठल्या उठल्या तिने स्वतःची अपडेट सुरू केली. बारा टक्के. कृपया संगणक बंद करू नका.

दोघी त्या आकड्याकडे बघत बसल्या. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर कोणीतरी मशीनने फरशी कापत होतं, ती किरकिर खिडकी बंद असूनही खोलीत भरली होती. एकोणीस टक्क्यांवर आकडा चार मिनिटं अडून राहिला. तेवढ्यात तात्या बाहेर आले आणि त्यांनी भुवया उंचावून पडद्याकडे बोट केलं. महिन्यापूर्वी घशातला तुकडा पुन्हा एकदा तपासायला काढल्यापासून त्यांचा आवाज बसला होता, आणि डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं.

होतंय, असं लेक म्हणाली.

"तात्या, हे मशीन तुमच्यावर गेलंय," नणंद म्हणाली. "कितीही घाई असू दे, उठलं की आधी स्वतःचं सगळं आवरणार."

तात्या हसले आणि परत आत गेले. पिशवीची चेन परत उघडली.

अकरा चौतीसला अपडेट संपली. नणंदेने जुनी सिस्टीम पुरती बंद केली, लिनक्स चालू केलं आणि दुसऱ्या डिस्कवर क्लिक केलं. डिस्क उघडली. लेकीने सोडलेला श्वास नणंदेला ऐकू आला.

आत सहलींचे फोटो होते. लेक नकाशे आखण्याच्या कार्यालयात कामाला होती, तिचे जुने नकाशे होते. विजेची बिलं, गॅसची बिलं, शाळेतल्या कुठल्याशा नाटकाचा व्हिडिओ. 'तात्या' नावाचा फोल्डर नव्हता. नणंदेने शोध लावला. काही सापडलं नाही. तिने इंग्रजी स्पेलिंग बदलून शोधलं, मग नुसत्या आवाजाच्या फायली शोधल्या. नाटकाच्या गाण्याखेरीज काही नव्हतं.

"यावर कसं असेल?" लेक म्हणाली. "ते धाकटीवर आहे."

"ही धाकटीच आहे," नणंद म्हणाली.

लेक पडद्याजवळ सरकली.

"ही कशी धाकटी? ही पहिल्यापासूनची. संगणकाबरोबर आलेली. ही मोठी."

"वहिनी, हिच्यात एक टीबी जागा आहे. दुसरी दोन टीबीची. मोठी कुठली झाली?"

सोमवारी दुपारी ती कार्यालयात असताना नणंदेने फोन करून विचारलं होतं की दोन डिस्क दिसताहेत, कुठली पुसू. लेक म्हणाली होती, मोठी पुसायची, धाकटीला हात लावायचा नाही. नणंदेने परत विचारलं होतं, नक्की मोठीच ना? आणि लेक म्हणाली होती, हो गं बाई, मोठीच. आदल्या वर्षी दुसरी डिस्क आणली, त्या दिवसापासून लेक दोघींना याच नावांनी ओळखत होती. आधी आली ती मोठी, मागून आली ती धाकटी. स्वतः तिघी बहिणींतली थोरली असल्यामुळे तिला यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आणि नणंदेसमोर त्या वेळी पडद्यावर दोन आकडे होते, एक आणि दोन.

"डिस्कचं कोणी वय बघतं का?" नणंद हळू आवाजात म्हणाली.

"मी धाकटी म्हणाले होते. लहान नव्हते म्हणाले. आकाराने कोणी धाकटं असतं का?"

वाद घालायला वेळ नव्हता, हे नणंदेच्या एकदम लक्षात आलं. ती खाली वाकली आणि तिने संगणकाची वायर भिंतीतून उपटून काढली. पडदा काळा झाला.

"काय केलंस हे?"

नणंदेने सांगितलं ते असं. डिस्क पुसली म्हणजे आतला मजकूर लगेच जात नाही. फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. पानं जागच्या जागी असतात, पण कोरी समजली जातात. आणि कोरी समजली म्हणून नवीन सिस्टीम त्यांच्यावर लिहायला लागते. सोमवारपासून ती लिहीत होती. कालची अपडेट तिथेच उतरली होती. आत्ता आपण दोघी वाद घालत होतो तेव्हाही ती काहीबाही टिपून ठेवत होती. प्रत्येक मिनिटाला तात्यांचं एखादं वाक्य जाऊ शकत होतं.

"कॉपी?" तिने विचारलं. "कुठेतरी कॉपी असेल ना? पेन ड्राइव्ह, फोन, कुठेही."

सगळी वाक्यं झाली की एकदम घेऊ, असं ठरलं होतं. सगळी रविवारी झाली. सोमवारी लिनक्स बसलं.

नणंदेने सोमवारचाच पेन ड्राइव्ह बॅगेतून काढला. त्यावरून संगणक चालवला तर सिस्टीम नुसत्या मेमरीत चालते, डिस्कवर काहीच लिहीत नाही. तिने हरवलेल्या फायली शोधणारा छोटा प्रोग्रॅम तसाच मेमरीत उतरवून घेतला. तो दोन टीबीची डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार होता, आवाजाच्या फायलीसारखं काही दिसलं की उचलून एक टीबीच्या डिस्कवर ठेवणार होता. बारा वाजून आठ मिनिटांनी शोध सुरू झाला. खाली अंदाज आला, चार तास पन्नास मिनिटं.

म्हणजे पाच. तीनला घर सोडायचं होतं.

लेक आत गेली आणि तात्यांना सगळं सांगून आली. नणंदेने ते दाराबाहेरून ऐकलं. लेकीने चूक कोणाची हे सांगितलं नाही, 'आमच्याकडून पुसलं गेलं' एवढंच म्हणाली. तात्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. किती गेली, आणि कळणार कधी. मग कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला.

नणंद दारात गेली. तात्यांनी एक रजई दारावर टाकली होती आणि दुसरीचं टोक धरून ते लेकीची वाट बघत होते.

"तात्या, ताण देऊ नका म्हणालेत डॉक्टर," लेक म्हणाली.

"उद्या सकाळपर्यंतच देता येईल," तात्या म्हणाले. आवाज घशातून घासून येत होता. "घे, ते टोक पकड."

लेकीने वाचा-उपचाराच्या बाईंना फोन केला. त्या बाह्यरुग्ण विभागात होत्या, दोन मिनिटं बोलल्या. बसलेल्या आवाजावरूनही काहीतरी करता येईल, पण ते तसंच घोगरं बोलेल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. वेळ थोडा असेल तर यादीतली पहिली शंभर वाक्यं घ्या, भाषेतले सगळे आवाज त्या शंभरांत येतात. मधे मधे पाणी द्या. रक्त दिसलं तर लगेच थांबा.

संगणक अडकलेला होता, म्हणून फोनवर रेकॉर्ड करायचं ठरलं. लेकीने चाचणी घेऊन पाहिली. तात्यांच्या आवाजाच्या मागे, रजयांना न जुमानता, फरशी कापायचं मशीन किरकिरत होतं.

ती जिना उतरून समोर गेली. तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात फरशीवाला उकिडवा बसला होता, अंगावर पांढरी धूळ, तोंडाला रुमाल. तिने दीड तास मशीन बंद ठेवाल का असं विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत गाळा पुरा करून द्यायचाय, दीड तासात माझ्या तीन रांगा होतात. ती म्हणाली, माझ्या वडिलांचं उद्या ऑपरेशन आहे, त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही, आम्ही वर त्यांचा आवाज रेकॉर्ड करतोय आणि त्यात तुमचं मशीन येतंय. सांगताना तिचा आवाज चढला नाही, की भरूनही आला नाही. कार्यालयात नकाशाची मुदत सांगावी तसं तिने सांगितलं.

फरशीवाल्याने रुमाल खाली केला. कापलेल्या फरश्यांची थप्पी त्याने डोळ्यांनीच मोजली.

"एवढ्या बसवून घेतो तोवर," तो म्हणाला. "पावणेएक होत आलाय. सव्वादोनला चालू करणार. मग मात्र थांबणार नाही, आधीच सांगतो."

पावणेएकला तात्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. 'धुक्यात घाटातली वाट दिसत नव्हती.' 'घाटातली' शब्दावर आवाज फाटायचा. चौथ्यांदा निभावला. लेक समोर स्टुलावर बसली होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात यादी. हीच वाक्यं तिने दोन महिन्यांपूर्वी ऐकली होती, तेव्हा तात्यांचा आवाज खणखणीत होता. छापखान्यात मशीन चालू असतानाही तो दुसऱ्या टोकाला पोहोचायचा असं त्यांचे जुने सोबती सांगत. आता तिला प्रत्येक वाक्यात तो जुना आवाज आठवत होता, आणि ती चेहऱ्यावर काही दिसू न देता यादीवर बरोबरची खूण करत होती. दर पाच वाक्यांनी पाणी. पंधराव्याला खोकला आला आणि सहा मिनिटं गेली. तिने रुमाल बघितला. रक्त नव्हतं.

बाहेरच्या खोलीत नणंद कानाला हेडफोन लावून बसली होती. शोधाचा प्रोग्रॅम सापडलेल्या फायली एकेक करून ठेवत होता, पण अनुक्रमणिका फाटल्यामुळे एकीलाही नाव नव्हतं, नुसते लांबलचक आकडे. पहिली फाइल तिने लावली. टुंग, असा जुन्या सिस्टीमचा सूचनेचा आवाज आला. दुसरी, तिसरी, तसल्याच. चौथीत नुसती खरखर. एक वाजेपर्यंत सव्वीस फायली आल्या, त्यांतली माणसाची एकही नव्हती. डिस्कचा सुरुवातीचा भाग चालू होता, आणि नवी सिस्टीम नेमकी तिथेच येऊन बसली होती. दीड वाजता तेहतीस होत्या. नणंदेने त्या मोजायचं सोडून दिलं आणि सोमवारचा फोन डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. प्रयोगशाळेत ती मुलांना रोज सांगायची, डिस्क पुसण्याआधी आकडा वाचा, मोठ्याने वाचा, मग बटण दाबा. तिने सोमवारी आकडा वाचला होता. मनात.

एक वाजून पन्नास मिनिटांनी तिने एकेचाळिसावी फाइल लावली.

"क्रमांक दोनशे अठ्ठ्याऐंशी," हेडफोनमधून तात्या म्हणाले. मोठ्याने, स्वच्छ. मग क्षणभर थांबून त्यांनी वाक्य वाचलं.

रेकॉर्डिंगच्या वेळी नणंद कधी हजर नव्हती. तात्या वाक्याआधी क्रमांक वाचतात हे तिला ठाऊक नव्हतं. तो कापून टाकायचं काम लेकीने शेवटी करायचं म्हणून राखून ठेवलं होतं. नणंद उठली, धावतच आतल्या दारापर्यंत गेली आणि तिथे तिला थबकावं लागलं, कारण आत वाचन चालू होतं. तिने मागे वळून कागद शोधला, मोठ्या अक्षरांत '२८८' लिहिलं आणि कागद छातीशी धरून दारात उभी राहिली.

तात्यांना ती दिसली. त्यांच्या भुवया वर गेल्या, पण वाचन तुटलं नाही. त्यांनी वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत नेलं, लेकीने फोनवर बोट ठेवून रेकॉर्डिंग थांबवलं, आणि मग ते म्हणाले, "अंक नीट काढ. आठ आहे की चार, कळत नाही."

लेक पहिल्यांदाच हसली. तिने मान वळवून नणंदेकडे पाहिलं मात्र नाही.

सव्वादोनला, अगदी घड्याळ लावल्यासारखं, मशीन सुरू झालं. अठ्ठावन्न वाक्यं झाली होती. एकोणसाठावं अर्ध्यावर राहिलं.

तीन वाजता शोध अठ्ठावन्न टक्क्यांवर होता आणि तात्यांची दोनशे तेरा वाक्यं आली होती. बहुतेक दोनशेच्या पुढची. पहिल्या दोनशेतली, म्हणजे आवाज सगळ्यात चांगला होता तेव्हाची, आतापर्यंत नऊ. तीनशेचा आकडा अजून लांब होता. संगणक चालू ठेवून कोणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि ते नणंदेने थांबायचं हे न बोलताच ठरलं होतं. टॅक्सी खाली आली. तात्या पिशवी घेऊन आधी उतरले.

"वहिनी," नणंद जिन्यात म्हणाली, "मी आकडा विचारायला हवा होता."

लेक दोन पायऱ्या खाली उतरली होती. ती थांबली.

"कॉपी मी घ्यायला हवी होती," ती म्हणाली. "पण ते आत्ता नको. आत्ता तू आत जा आणि संगणकाकडे बघ."

रुग्णालयात लेकीचा नवरा आधीच रांगेत उभा होता, म्हणून कागदपत्रं लवकर उरकली. तात्यांना तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचा पलंग मिळाला. परिचारिकेने मनगटाला पट्टी बांधली, रक्तदाब घेतला, रात्री काही खायचं नाही असं सांगितलं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तात्यांनी तो पूर्ण वाचला आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक पेनाने दुरुस्त केली. परिचारिकेने कागद उलटसुलट करून पाहिला आणि फायलीत लावला.

पाच वाजले. फोन आला नाही. लेक कॉरिडॉरमध्ये जाऊन दोनदा परत आली. नवऱ्याने तूच लाव की फोन असं सुचवलं, तेव्हा ती म्हणाली की लावला आणि तीनशे झाली नसली तर मी आत जाऊन काय सांगू?

पाच बावीसला फोन वाजला.

शोध संपला होता. पूर्ण वाजणारी तीनशे सत्त्याण्णव वाक्यं सापडली होती. पहिल्या दोनशेतली फक्त सव्वीस. बाकीच्यांवर नवी सिस्टीम बसली होती आणि ती आता कशानेही परत येणार नव्हती. आजची अठ्ठावन्न त्या जागी भरता येतील. आवाज होईल, नणंद म्हणाली. रविवारी झाला असता तसा होणार नाही, पण होईल. तिने सगळ्या फायलींची कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवली होती, दुसरी कॉपी स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि दोन्ही उघडून, वाजवून पाहिल्या होत्या. कुठल्या कुठे आहेत, ते तिने आकड्यांनिशी सांगितलं.

लेकीने हे सगळं तात्यांना सांगितलं. तात्यांनी मान हलवली आणि एखादं ऐकव अशी खूण केली. लेकीने फोनचा स्पीकर चालू करून तो पलंगावर ठेवला. पलीकडून नणंदेने एक फाइल लावली.

"क्रमांक तीनशे बारा. खिडकीजवळच्या झाडावर परवा दोन कावळे भांडत होते."

शेजारच्या पलंगावरच्या माणसाने मान वळवली. लेकीच्या नवऱ्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"काल," तात्या म्हणाले.

कोणालाच कळलं नाही. तात्यांनी हात पुढे केला, लेकीच्या पिशवीतून यादी मागून घेतली, पानं उलटली आणि तीनशे बारावर नख टेकवलं. 'खिडकीजवळच्या झाडावर काल दोन कावळे भांडत होते.' वाचताना त्यांनी 'काल'चा 'परवा' केला होता, आणि तो महिनाभर कोणाच्या लक्षात आला नव्हता.

असू दे तात्या, लेक म्हणाली, एका शब्दाने काय होतंय.

"यंत्र चुकीचं शिकेल."

ते खरं होतं. यंत्राला मजकूर आणि आवाज जोडीने द्यायचे होते. मजकुरात एक आणि आवाजात दुसरंच असलं तर ते गोंधळणार. फोनमधून नणंद म्हणाली की सोपं आहे, मी मजकुरात 'परवा' करून टाकते, एका सेकंदाचं काम.

"मूळ प्रतीला हात लावायचा नाही," तात्या म्हणाले. त्यासाठी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. "चूक वाचणाऱ्याची आहे. परत वाचायचं."

लेकीने नवऱ्याचा फोन घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तात्यांच्या तोंडापाशी धरला. बाहेरून औषधांची गाडी खडखडत चालली होती. तात्यांनी बोट वर करून सगळ्यांना थांबवलं. गाडी वॉर्डाच्या टोकाला गेली, दार बंद झालं.

"क्रमांक तीनशे बारा," ते म्हणाले, आणि घोगऱ्या आवाजात वाक्य वाचलं. 'काल' त्यांनी जरा सावकाश घेतला.

नणंदेने पलीकडून विचारलं, "आता?"

"पुढचं लाव," तात्या म्हणाले, आणि यादी गुडघ्यावर पसरून त्यांनी लेकीकडे पेन्सिल मागितली.